चित्रपटांची जुनी भित्तिपत्रके : संग्रह आणि पारख

चित्रपटाच्या इतिहासाचे मुख्य साधन म्हणजे स्वतः चित्रपट, हे उघड आहे. परंतु भारतीय मूकपटांच्या बाबतीत हे मुख्य साधनच बहुतांशी नष्ट झाले आहे. मूकपटांच्या काळात आपल्या देशात सुमारे १,३०० चित्रपट निर्माण झाले. त्यांपैकी संपूर्ण वा त्रुटित स्वरूपात उरलेले फारच थोडे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचीही प्रत उपलब्ध नाही. अशा स्थितीत जाहिराती, पुस्तिका, छायाचित्रे व भित्तिपत्रके ही गौण साधनेच प्रमुख होऊन बसतात. भित्तिपत्रकांचा संग्रह हा केवळ हौसेचा विषय राहत नाही, तो या कारणामुळे.

महाराष्ट्रात या कलेचा उगम रंगभूमीच्या पडद्याशी निगडित आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे मूळचे नाटकांचे पडदे रंगविणारे चित्रकार. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांची भित्तिपत्रके त्यांनी स्वतः रेखाटली. ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक उपलब्ध भारतीय भित्तिपत्रकांतील सर्वांत जुन्यांत गणले जाते. पुढे ‘प्रभात’चे संस्थापक झालेले दामले व फत्तेलाल हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

भित्तिपत्रक आणि बॅनर यांत भेद करणे आवश्यक आहे. भित्तिपत्रक कागदावर छापले जाई. त्याचा रूढ आकार ३० × ४० इंच. बॅनर मात्र कापडावर हाताने रंगविले जाई. मूळ छायाचित्रावर चौकटी आखून त्याच प्रमाणात कापडावर मोठ्या चौकटी पाडावयाच्या व आकृती वाढवीत न्यावयाची, ही त्याची एक पद्धत होती. मकबूल फिदा हुसेन यांनीही उमेदवारीच्या काळात मुंबईत असे फलक रंगविले होते. चित्रपट उतरला की तेच कापड पुन्हा पांढरे करून नव्या चित्रपटासाठी वापरीत. बॅनर हे जणू आपल्याच नाशावर उभे होते; त्यामुळे जुने बॅनर भित्तिपत्रकाहूनही दुर्मिळ आहे.

संग्राहकापुढील खरा प्रश्न दुर्मिळतेपेक्षा अस्सलपणाचा असतो. एकाच चित्रपटाची भित्तिपत्रके तीन प्रकारची आढळतात : पहिल्या प्रदर्शनाची, पुनःप्रदर्शनाच्या वेळी नव्याने छापलेली, आणि अलीकडे मूळ प्रतीचे छायाचित्र घेऊन केलेली. यांतील दुसरा प्रकार खोटा नव्हे, परंतु त्याचा काळ वेगळा. तिसऱ्याची ओळख भिंगाने पटते. शिळाछापाच्या रंगात अनियमित कण दिसतात व अक्षरे सलग, भरीव असतात. छायाचित्रावरून केलेल्या प्रतीत चित्राबरोबर अक्षरेही ठिपक्यांत फुटलेली असतात. इतकेच नव्हे, तर मूळ कागदाच्या घड्याही ‘छापलेल्या’ दिसतात, हात फिरविला असता लागत नाहीत. तळाशी बारीक अक्षरांत असलेले छापखान्याचे नावही तपासावे.

मजकुराची साक्ष याहून कमी मोलाची नाही. हिंदी चित्रपटांच्या भित्तिपत्रकांवर नाव पुष्कळदा रोमन, देवनागरी व उर्दू अशा तीन लिप्यांत आढळते. कोणती लिपी मोठी, कोणती कोपऱ्यात, यावरून त्या चित्रपटाचा अपेक्षित प्रेक्षक कोण होता याचे अनुमान करता येते. मराठी भित्तिपत्रकांच्या बाबतीत १९६२ साली शासनमान्य झालेले शुद्धलेखनाचे नियम उपयोगी पडतात. ‘नाहीं’, ‘त्याचें’, ‘झालें’ असे अनुच्चारित अनुस्वार आढळल्यास मजकूर जुन्या वळणाचा समजावा. अर्थात् अक्षरे रंगविणारा कारागीर व्याकरणाच्या नियमांनी बांधलेला नव्हता, आणि जुनी सवय नियम बदलल्यावरही टिकते. म्हणून हा पुरावा एकट्याने निर्णायक नव्हे. कागद, छपाई व मजकूर हे तिन्ही जुळले तरच काळ निश्चित करावा.

जतनाच्या बाबतीत सर्वाधिक हानी सदिच्छेनेच होते. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आम्लामुळे पिवळा व ठिसूळ होतो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावली तर तिचा डिंक कागदात मुरून कायमचा डाग पडतो. प्लॅस्टिकचे आवरण गरम करून चिकटविले तर ते पुन्हा निघत नाही. पातळ, आम्लरहित कागद पिठाच्या खळीने मागून लावणे हा उपाय श्रेयस्कर. कारण खळ पाण्याने सुटते. केलेली दुरुस्ती पुन्हा उलगडता यावी, हे येथील मुख्य सूत्र होय.

१९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपटांबरोबर भित्तिपत्रके व पुस्तिकाही जमविल्या. परंतु असंख्य प्रती आजही खाजगी संग्रहांत आहेत आणि मुंबईच्या चोर बाजारासारख्या ठिकाणी हातोहात फिरत असतात. प्रत विकली जाते तेव्हा ती कोठून आली, कोणत्या गावच्या चित्रपटगृहात लागली होती, ही माहिती बहुधा मागेच राहते. प्रत्येक संग्राहकाने आपल्याजवळील प्रतीचा संपूर्ण मजकूर मूळ लेखनासह, तिचे माप, छापखान्याचे नाव व प्राप्तिस्थान एवढे जरी टिपून ठेवले, तरी चित्रपट हरवला असताही त्याचा इतिहास लिहिता येईल.