वर्चस्व आणि तुल्यबळता : महाराष्ट्र केसरी किताबाच्या निमित्ताने

स्पर्धात्मक क्रीडांच्या अभ्यासात एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. एकच मल्ल वर्षानुवर्षे अजिंक्य राहणे हे त्या खेळाच्या भरभराटीचे लक्षण मानावे की ऱ्हासाचे? मिक्स्ड मार्शल आर्ट्स या आधुनिक द्वंद्वक्रीडेच्या संदर्भात हा वाद विशेष रंगतो. एका पक्षाच्या मते निकाल आधीच ठाऊक असेल तर प्रेक्षक पाठ फिरवितो. दुसऱ्या पक्षाच्या मते खेळाला उंची येते ती असामान्य विजेत्यामुळेच. या वादाची तपासणी करावयास परदेशी सामग्रीच हवी असे मात्र नाही. २००५ साली इंदापूर येथे व २००६ साली बारामती येथे महाराष्ट्र केसरी किताबाच्या कुस्त्या झाल्या. पहिल्या वर्षी सईद चाऊस व दुसऱ्या वर्षी अमोल बुचडे हे विजयी झाले. शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत लागोपाठ झालेल्या या दोन स्पर्धा किताबाच्या इतिहासातील एका दीर्घ कालखंडाच्या अखेरीस येतात. त्या कालखंडाचा अर्थ लावणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम सिद्धान्ताचा विचार करू. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ साली बेसबॉल खेळाडूंच्या श्रमबाजारावर लिहिताना निकालाची अनिश्चितता ही प्रेक्षकांच्या आकर्षणाची अट असल्याचे दाखविले. पुढे १९६४ साली वॉल्टर नील यांनी हाच विचार मुष्टियुद्धाचे उदाहरण घेऊन मांडला. सामान्य व्यापाऱ्यास प्रतिस्पर्धी नाहीसा झालेला हवा असतो. मुष्टियोद्ध्याचे तसे नाही. जो लुई यास मॅक्स श्मेलिंगसारखा तोलाचा प्रतिस्पर्धी नसता तर त्याच्या सामर्थ्याला मोलच आले नसते. १९३६ साली श्मेलिंगने लुईला पाडले होते, म्हणूनच १९३८ साली लुईने पहिल्याच फेरीत मिळविलेला विजय जगाने कान टवकारून ऐकला. लुईने १९३७ पासून १९४९ पर्यंत अजिंक्यपद राखले. म्हणजे वर्चस्वासही तुल्यबळतेचा आधार लागतो. हे दोन परस्परविरोधी पक्ष नव्हेत.

आता महाराष्ट्र केसरीची यादी पाहू. हा किताब १९६१ साली औरंगाबाद येथे दिनकर दह्यारी यांनी प्रथम मिळविला. आरंभीच्या तपात दुहेरी विजेते अनेक आढळतात : गणपतराव खेडकर (१९६४, १९६५), चंबा मुतनाळ (१९६७, १९६८), दादू चौगुले (१९७०, १९७१) आणि लक्ष्मण वडार (१९७२, १९७३). त्यानंतर चित्र पालटते. १९७४ ते २००६ या तेहतीस वर्षांत कोणाही मल्लास हा किताब दोनदा मिळालेला नाही. काही वर्षी तर निर्णयच लागला नाही. इंदापूर व बारामती येथील स्पर्धा याच कालखंडातील शेवटच्या दोन होत. २००७ व २००८ साली चंद्रहार पाटील यांनी ही परंपरा मोडली. पुढे नरसिंग यादव यांनी २०११ ते २०१३ आणि विजय चौधरी यांनी २०१४ ते २०१६ असा सलग तीन-तीन वेळा किताब जिंकला. सहा वर्षे गदा केवळ दोन मल्लांच्या खांद्यावर राहिली.

यावरून मधला काळ तुल्यबळतेचा व नंतरचा वर्चस्वाचा, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो घाईचा ठरेल. त्यास तीन कारणे आहेत. पहिले असे की, नव्या नावाचा विजेता दोन प्रकारे उत्पन्न होतो : जुना विजेता पराभूत झाल्यामुळे, किंवा तो आखाड्यात पुन्हा उतरलाच नाही म्हणून. केवळ विजेत्यांची यादी पाहून हे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत. दुसरे असे की, विजेते बदलणे आणि कुस्ती अटीतटीची होणे या भिन्न गोष्टी आहेत. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यास शिवराज राक्षे यांनी महेंद्र गायकवाड यांना एका मिनिटाच्या आत चीतपट केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगाव येथे सिकंदर शेख यांनी राक्षे यांना असेच अल्पावधीत अस्मान दाखविले. विजेता बदलला, परंतु दोन्ही कुस्त्या एकतर्फी झाल्या. उलट जानेवारी २०२० मध्ये हर्षवर्धन सदगीर यांनी शैलेश शेळके यांच्यावर मिळविलेला विजय केवळ ३-२ अशा गुणांचा होता. तिसरे कारण याच कुस्तीत दिसते. सदगीर व शेळके हे दोघेही काका पवार यांचेच पठ्ठे; जानेवारी २०२३ मधील राक्षे व गायकवाड हेही त्यांचेच. मल्लांमध्ये तुल्यबळता असतानाच तालमीचे वर्चस्व असू शकते. तेव्हा कोणत्या पातळीवरील तुल्यबळतेविषयी आपण बोलत आहोत, हे अभ्यासकाने आधी निश्चित केले पाहिजे.

याहून महत्त्वाचा मुद्दा स्पर्धेच्या रचनेचा आहे. महाराष्ट्र केसरीत गादी व माती असे दोन विभाग असतात आणि त्यांतील विजेत्यांची अखेरची लढत होते. गतविजेत्यासही पहिल्या फेरीपासून चढत यावे लागते. समजा, एखादा मल्ल इतका श्रेष्ठ आहे की कोणतीही कुस्ती जिंकण्याचा त्याचा संभव शेकडा ८० आहे. पाच कुस्त्या ओळीने जिंकण्याचा त्याचा संभव शेकडा ३३ च्या आसपास येतो आणि तीन वर्षे लागोपाठ किताब मिळविण्याचा संभव शेकडा ४ हूनही कमी भरतो. मिक्स्ड मार्शल आर्ट्समधील प्रघात निराळा आहे. तेथे पदधारकास एका वेळी एकाच आव्हानवीराशी लढावयाचे असते. म्हणून याच सामर्थ्याच्या मल्लास तीन वेळा पद राखण्याचा संभव शेकडा ५१ इतका राहतो. अँडरसन सिल्व्हा याने अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिपमधील मध्यम वजनगटाचे पद २००६ ते २०१३ या काळात दहा वेळा, तर डिमेट्रियस जॉन्सन याने फ्लायवेट गटाचे पद अकरा वेळा राखले, त्यास कौशल्याइतकीच ही रचनाही साहाय्यभूत झाली. त्याच संस्थेच्या हेवीवेट गटात मात्र सलग तीनहून अधिक वेळा पद कोणासही राखता आलेले नाही; एका ठोशात निकाल लागण्याची शक्यता त्या वजनात अधिक असते. सारांश, यादव व चौधरी यांचे त्रिवार यश आपल्या रचनेत किती दुर्मिळ होते, ते या गणितावरून ध्यानी यावे.

तुल्यबळता निर्माण करण्याची आपली एक देशी पद्धतीही आहे. बारामती-इंदापूर परिसरातील गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचा फड भरतो. तेथे क्रमवार बाद फेऱ्या नसतात. जाणते पंच वय, अंगकाठी व तयारी पाहून जोड लावतात. नारळावरच्या पोरांच्या कुस्तीपासून अखेरच्या मानाच्या कुस्तीपर्यंत इनाम चढत जाते आणि वेळेत निकाल न लागल्यास कुस्ती बरोबरीत सोडविली जाते. येथे अनिश्चितता योगायोगाने येत नाही. ती पंचाच्या नजरेने घडविलेली असते. विषम जोड लावणाऱ्या पंचाला प्रेक्षक तिथल्या तिथे जाब विचारतात, यातच रॉटेनबर्ग यांच्या सिद्धान्ताचे सार आले.

या भेदाचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. किताबी स्पर्धेत पारितोषिक व कीर्ती एका मल्लाकडे एकवटते. यादव व चौधरी या दोघांनाही राज्य पोलीस दलात उपअधीक्षकपद लाभले. असा लाभ दिसू लागल्यावर विजेत्याने पुन्हा पुन्हा उतरावे, हे स्वाभाविकच आहे. फडात मात्र तेच द्रव्य अनेक जोडींत वाटले जाते आणि दूध, तूप, बदाम यांचा खुराक ज्याच्या घराला झेपत नाही अशा होतकरू पोराचा हंगाम त्यावर निभतो. किताबाचा मल्ल अखेर याच पोरांतून वर येतो. फड ओस पडले तर पुढील दहा-पंधरा वर्षांनी किताबासाठी झुंजणारे पुरेसे मल्ल उरणार नाहीत आणि त्या वेळी दिसणारे वर्चस्व हे श्रेष्ठत्वाचे नसून प्रतिस्पर्ध्यांच्या अभावाचे असेल.

म्हणून, विजेता एक असावा की अनेक, हा प्रश्नच अपुरा आहे. ज्याला हरविणे अवघड अशा मल्लासमोर हरविण्याची उमेद धरणारे किती जण उभे राहतात, हे मोजले पाहिजे. २०२३ पासून संघटनांच्या वादामुळे महाराष्ट्र केसरी या एकाच नावाने निरनिराळ्या स्पर्धा झाल्या आणि एका वर्षी एकाहून अधिक विजेते दिसू लागले. अशा वेळी विजेत्यांची संख्या वाढते, तुल्यबळता नव्हे. कारण ज्यांनी एकमेकांशी झुंजावयाचे तेच वेगवेगळ्या आखाड्यांत विभागले जातात. या विषयाच्या अभ्यासकांनी विजेत्यांच्या यादीबरोबरच सहभागी मल्ल, त्यांच्या तालमी, प्रत्येक फेरीचे गुण आणि गावफडांतील इनामांची वाटणी यांची पद्धतशीर नोंद हाती घ्यावी. बारामती व इंदापूर हे दोन तालुके त्यासाठी सोयीचे क्षेत्र ठरतील. किताबी आखाडा आणि गावचा फड या दोहोंचा अनुभव तेथील मातीला आहे.