एका गुणाची लांबी तेराशे मीटर

काल्हेर, कशेळी, पूर्णा हा भिवंडीतला गोदामांचा पट्टा. लाखांतले नग आणि टनांतला माल इथल्या माणसाला नवा नाही. तरीही बारावीच्या मुलाचा प्रवेश परीक्षेचा निकाल मोबाइलवर उघडतो, तेव्हा घरातल्या हिशेबी माणसालाही त्यातले आकडे नीट लागत नाहीत. त्यात त्याचा दोष नाही. हे आकडे खरोखरच माणसाच्या मापाबाहेरचे आहेत.

५ मे २०२४ ची दुपार घ्या. त्या दिवशी २३,३३,२९७ मुलांनी वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दिली. देशातली ५५७ शहरं, परदेशातली १४, मिळून ४,७५० केंद्रं आणि १३ भाषांतल्या प्रश्नपत्रिका. मराठीही त्यांत होती. आता ही सगळी मुलं एका रांगेत उभी करू. रांगेला जागा आपल्याच भिवंडी तालुक्यात आहे. आमण्याला समृद्धी महामार्ग सुरू होतो आणि ७०१ किलोमीटरवर नागपूर गाठतो. अर्ध्या अर्ध्या मीटरवर एकेक मूल उभं केलं, तर रांग नागपूरला पोहोचते, तिथून वळते आणि परतीच्या वाटेवर आणखी ४६५ किलोमीटर येते. शिर्डी तेवढी ५५ किलोमीटर राहते.

त्या वर्षी देशात एमबीबीएसच्या जागा होत्या साधारण १ लाख ८ हजार. बीडीएस, आयुष वगैरे वेगळ्या. म्हणजे पुढची मुलं आमण्याला उभी आहेत असं मानलं, तर एमबीबीएसची रांग ५४ किलोमीटरवर संपते. इगतपुरी तिथून अजून २२ किलोमीटर लांब. सरकारी कॉलेजांच्या जागा सुमारे ५६ हजार, त्या तर २८ व्या किलोमीटरलाच संपतात. उरलेल्या रांगेत हुशार मुलं नव्हती असं कोण म्हणेल?

पण मला जास्त अस्वस्थ करतो तो रांगेच्या आतला हिशेब. नीटमध्ये सोडवायचे प्रश्न १८०, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. सगळं चुकलं तर उणे १८०, सगळं बरोबर आलं तर ७२०. मधले काही आकडे मिळूच शकत नाहीत. एक प्रश्न सोडला तर ७१६, एक चुकला तर ७१५. म्हणून ७१९, ७१८ आणि ७१७ अशक्य. तसेच ७१४, ७१३ आणि ७०९. हे सहा वगळले की शक्य गुणसंख्या उरतात ८९५. तेवीस लाखांवर मुलं आणि कप्पे फक्त ८९५. एका कप्प्यात सरासरी २,६०७ मुलं. म्हणजे एक गुण हलला की आपल्या रांगेत मूल सरासरी १,३०० मीटर सरकतं. बरोबर येणारं एक उत्तर चुकलं तर पाच गुणांचा फरक, म्हणजे साडेसहा किलोमीटर. ही नुसती सरासरी झाली. गर्दीच्या कप्प्यांत तर याहून जास्त.

हे कागदावरचं गणित नाही. त्याच वर्षी फिजिक्सच्या एका प्रश्नाला आधी दोन उत्तरं बरोबर धरली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं आणि चार लाखांहून अधिक मुलांचे पाच पाच गुण गेले. ७२० पैकी ७२० मिळवणारी मुलं जूनच्या पहिल्या निकालात ६७ होती, जुलैअखेर १७ उरली. वेळ वाया गेल्याच्या भरपाईचे वाढीव गुण १,५६३ मुलांना दिले गेले होते, तेही काढून घेतले. त्या वाढीव गुणांचा सुगावा लोकांना लागला तो गुणपत्रिकांवरच्या ७१८ आणि ७१९ या अशक्य आकड्यांमुळे.

एका प्रश्नाने मुलाचं ज्ञान कितीसं बदलतं? जागा मात्र बदलते.

अमेरिकेतली कॉलेजप्रवेशाची परीक्षा सॅट १९२६ मध्ये ८,०४० मुलांनी पहिल्यांदा दिली. आज तिचे गुण ४०० ते १६०० आणि दहाच्या टप्प्याने, म्हणजे शक्य आकडे फक्त १२१. शिवाय निकालपत्रावर गुणांसोबत एक पट्टा छापलेला असतो: हेच मूल पुन्हा परीक्षेला बसलं तर गुण साधारण या हद्दीत येतील. मोजमापाला मर्यादा असते, हे मापणाऱ्यानेच सांगितलेलं मला फार मोलाचं वाटतं.

आपल्या राज्याची प्रवेश परीक्षा एमएचटी-सीईटी पर्सेंटाइल देते दशांशचिन्हानंतर सात आकडे. परीक्षा अनेक पाळ्यांत होते, पर्सेंटाइल त्या त्या पाळीपुरतं काढतात. एका पाळीत २० हजार मुलं धरली, तर एक मूल म्हणजे ०.००५. तिसऱ्या आकड्यालाच मूल संपलं. पुढचे चार आकडे निव्वळ भागाकाराचे. प्रत्येक पाळीत जो पहिला, त्याचे १०० पर्सेंटाइल. म्हणूनच २०२४ ला असे ३७ जण होते. त्यांना १०० टक्के गुण पडले असं मुळीच नाही.

आणि इथेच घराघरांत गफलत होते. ६० पर्सेंटाइल ऐकलं की आईवडिलांना ६० टक्के ऐकू येतात आणि चेहरे उतरतात. हिशेब असा करावा: शंभरातून पर्सेंटाइल वजा करा आणि उरलेले तितके टक्के गटातल्या मुलांचे काढा. २०२४ ला इंजिनिअरिंगच्या पीसीएम गटात २,९५,५७७ मुलं बसली. ९७ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे सुमारे ८,८६७, त्यामुळे सीओईपी किंवा व्हीजेटीआय या कॉलेजांतली आवडती शाखा अवघड. ६० वाल्याच्या पुढे सुमारे १ लाख १८ हजार, आणि राज्यात इंजिनिअरिंगच्या जागा दीड लाखाहून अधिक.