मोबाइलवर राज्य आलंय!

समज, शाळेच्या प्रकल्पासाठी तू पांडवलेण्यांचं वेबपान बनवलंस. आपल्या नाशिकच्या त्या डोंगरात २४ लेणी आहेत बरं का! पानावर तू एक गंमत केलीस. तिसऱ्या लेण्याच्या फोटोवर माउसचा बाण नेला, की लगेच अक्षरं उमटतात : ‘इथे राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे.’

क्लिक नाही, काही नाही. नुसता बाण नेला! याला म्हणतात हॉवर.

आता तेच पान आजीच्या मोबाइलवर उघड. फोटोवर बोट धर, पण काचेला लावू नकोस. काय झालं? काहीच नाही!

माउसचा बाण पडद्यावर कुठेतरी असतोच. तू हात काढलास तरी तो तिथेच. मोबाइल मात्र आंधळी कोशिंबीर खेळतोय, आणि राज्य त्याच्यावर! बोट अगदी नाकासमोर नाचलं तरी त्याला पत्ता नाही. हात लागला, की मगच ‘धरलं!’

काचेखाली विजेचं न दिसणारं जाळं असतं. आपल्या अंगातून वीज वाहू शकते. म्हणून बोट टेकलं, की तिथला विद्युतभार जरासा बदलतो. तेवढंच मोबाइलला कळतं. लाकडी पट्टी टेकवून बघ, ढिम्म!

आता खरी धमाल ऐक. डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ साली माउस लोकांना दाखवला. त्यांचा पहिला माउस तर चक्क लाकडी होता! पुढे कितीतरी वेबपानं माउस धरूनच बनली. ती मोबाइलवर चालावीत म्हणून ब्राउझर काय करतो, माहितीये? थाप मारतो! तू टॅप केलंस, की तो पानाला सांगतो, “माउस आला हं! बटण दाबलं! सोडलं!” माउस आहे कुठे?

पण ‘माउस आला’ म्हटलं, ‘गेला’ कोण म्हणणार? बोट तर केव्हाच उचललं! म्हणून उमटलेली अक्षरं तशीच चिकटून बसतात. दुसरीकडे टॅप करेपर्यंत हलतच नाहीत. आयफोनवर तर कधीकधी पहिल्या टॅपला नुसती माहिती दिसते, लिंक उघडायला दुसरा टॅप लागतो.

मग करायचं काय? पानानेच आधी विचारायचं, “तुला हॉवर जमतं का?” सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, तशी अट लिहिता येते. ‘हो’ आलं तरच बाणाची गंमत. नाहीतर माहिती फोटोखाली सरळ लिहून टाकायची. मला विचारशील, तर बलश्रीचं नाव सगळ्यांनाच आधीपासून दिसू दे. इतकं भारी नाव लपवायचं कशाला?

आणि ज्या लॅपटॉपला माउसही आहे आणि बोटही चालतं, तो काय सांगेल? त्याचं मुख्य साधन माउस असेल, तर तो ऐटीत ‘जमतं’ म्हणेल. मग तू हळूच त्याच्या काचेवर बोट टेकव... चिकटली का अक्षरं परत?