नेट सारखं जातंय? आधी मोडेमला विचारा

परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म भरताना पान मध्येच अडकतं. परदेशातल्या मुलाशी बोलताना त्याचा चेहरा गोठतो आणि आवाज तुटतो. घरून काम करणाऱ्या सुनेची मीटिंग नेमकी तिची बोलायची वेळ आली की बंद पडते. तक्रार केली की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, ‘‘मॅडम, राउटर बंद करून पुन्हा चालू करा.’’ दोन दिवसांनी टेक्निशियन येतो तेव्हा नेट छान चालू असतं. तो मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवतो, तक्रार बंद करतो आणि तो जिना उतरेपर्यंत नेट पुन्हा गेलेलं असतं.

पूर्ण बंद पडलेलं नेट दुरुस्त करणं तुलनेने सोपं असतं. खरी डोकेदुखी असते अधूनमधून जाणाऱ्या नेटची. दोष असतो तेव्हा बघायला कोणी नसतं आणि बघायला कोणी येतं तेव्हा दोष नसतो. मग कंटाळून अनेक घरांत मोठा प्लॅन घेतला जातो, नाहीतर महागडा राउटर येतो. पण एका चांगल्या व्हिडिओ कॉलला ४-५ एमबीपीएस स्पीड पुरेसा असतो. ५० चा प्लॅन १०० चा केला म्हणून गच्चीवरचा ढिला कनेक्टर घट्ट होत नाही.

बहुतेक मोडेम आपल्या तब्येतीचे आकडे स्वतःच दाखवत असतात. ताप मोजल्याशिवाय आपण डॉक्टरांना फोन करत नाही, तसंच हे आकडे बघितल्याशिवाय कंपनीला फोन करू नये. ते वाचायला इंजिनीअर असण्याची गरज नाही.

वायफाय बिघडलंय की लाइन?

सर्वात आधी एवढंच ठरवा. घरात लॅपटॉप असेल तर तो लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि नेट जाण्याची वाट पाहा. मोबाइलवर नेट गेलं, पण केबल लावलेल्या लॅपटॉपवर चालू राहिलं, तर दोष वायफायचा आहे आणि उपाय घरातच आहे. दोन्हीकडे एकदमच गेलं, तर दोष राउटरमध्ये, त्याच्या अडॅप्टरमध्ये किंवा बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये आहे.

लॅपटॉप नसेल तर मोबाइल घेऊन राउटरजवळ बसा. तिथे नेट उत्तम आणि बेडरूममध्ये वाईट असेल, तर अडथळा भिंतींचा आहे. राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाशेजारी किंवा आरशाजवळ ठेवू नका. घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवा. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय लांबपर्यंत पोहोचतं, पण त्यावर शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जास्त वेगवान असतं, पण भिंतीपलीकडे लवकर कमजोर होतं. म्हणून मीटिंग राउटरच्या खोलीत असेल तर ५ निवडा आणि दूरच्या खोलीत असेल तर २.४.

अडॅप्टरकडेही लक्ष द्या. राउटरचे सगळे दिवे अचानक विझून पुन्हा लागत असतील, तर तो स्वतःच बंद-चालू होतोय. अशा वेळी बहुधा जुना झालेला अडॅप्टर, ढिली पिन किंवा क्षणभर जाणारी वीज कारणीभूत असते. राउटरला लागणारे व्होल्ट आणि अँपिअर त्याच्या खालच्या लेबलवर लिहिलेले असतात, अडॅप्टर त्यानुसारच घ्या.

तुमच्या घरात नेट येतं कसं?

आपल्याकडे ते मुख्यतः तीन प्रकारे येतं. पहिला प्रकार टीव्ही केबलच्या जाड, गोल वायरचा. शहरांतल्या अनेक जुन्या इमारतींत अजूनही याच वायरने नेट येतं आणि ती स्क्रूसारख्या कनेक्टरने मोडेमला जोडलेली असते. दुसरा प्रकार फायबरचा. यात बारीक वायरच्या टोकाला बहुधा हिरवा किंवा निळा प्लास्टिक कनेक्टर असतो. तिसऱ्या प्रकारात फायबर इमारतीपर्यंतच येतं. जिन्यात किंवा गच्चीवर एक पेटी असते आणि तिथून घरापर्यंत साधी लॅन केबल येते. त्या पेटीची वीज गेली की घरात लाइट असूनही नेट जातं. तुमचं नेट वीज जाण्याच्या वेळीच जात असेल, तर पेटीला बॅकअप आहे का, हे आधी विचारा.

केबल मोडेमचे आकडे

मोबाइल वायफायला जोडा आणि मोबाइल डेटा बंद करा. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी १९२.१६८.१००.१ हा पत्ता इंग्रजी अंकांत टाइप करा. बहुतेक केबल मोडेमचं पान याच पत्त्यावर उघडतं. पासवर्ड मागितला तर मोडेमखालचं लेबल बघा. कंपनीने पान बंद ठेवलं असेल, तर कस्टमर केअरला हेच आकडे वाचून दाखवायला सांगा. त्यांना ते तिथून दिसू शकतात. पानावर काहीही बदलू नका, फक्त वाचा.

• डाउनस्ट्रीम पॉवर म्हणजे कंपनीकडून तुमच्याकडे येणारा सिग्नल. तो उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या आत असावा. उणे १५ किंवा अधिक १५ च्या जवळ गेला, तर मोडेम काठावर उभा आहे असं समजा. सिग्नल गरजेपेक्षा जास्त असणंही वाईटच.

• एसएनआर म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्पष्ट आहे, याचं माप. हा आकडा ३३ डीबी किंवा त्याहून जास्त हवा. ३० च्या खाली गेला की माहितीचे तुकडे वाटेत खराब होऊ लागतात.

• अपस्ट्रीम पॉवर म्हणजे तुमचा मोडेम किती जोर लावून उलट बोलतोय ते. हा आकडा साधारण ३५ ते ५० डीबीएमव्ही असतो. तो सतत ५० च्या पुढे असेल, तर पलीकडच्याला नीट ऐकू येत नाहीय आणि तुमचा मोडेम ओरडून बोलतोय. व्हिडिओ कॉलमध्ये तुम्हाला सगळे दिसतात, पण तुमचा आवाज मात्र तुटतो, अशा वेळी या आकड्याकडे आधी बघा.

• पानावर ‘टी३’ किंवा ‘टी४’ टाइमआउटच्या नोंदी दिसल्या, तर मोडेम आणि कंपनीचं यंत्र यांच्यातला संवाद तुटतोय. एखादी नोंद चालते. रोज अनेक नोंदी होत असतील, तर दोष लाइनमध्ये आहे.

घरातले छुपे चोर

दोन टीव्हींसाठी लावलेला छोटा स्प्लिटर सिग्नल दुभागतो. दोन तोंडांचा स्प्लिटर सुमारे साडेतीन डीबी खातो आणि चार तोंडांचा साधारण सात. ३ डीबीची घट म्हणजे शक्ती निम्मी. बेडरूममध्ये टीव्ही लावताना बसवलेला, विसरलेला स्प्लिटर सोफ्यामागे वर्षानुवर्षं हेच काम करत असतो. मुख्य लाइन आधी दोन तोंडांच्या स्प्लिटरवर घ्या. त्याचं एक तोंड थेट मोडेमला द्या आणि टीव्हींची वाटणी दुसऱ्या तोंडावरून करा. स्प्लिटरवर छापलेला आकडा ५ मेगाहर्ट्झपासून सुरू व्हायला हवा. फक्त टीव्हीसाठी बनवलेले काही स्प्लिटर आणि बूस्टर घरातून बाहेर जाणारा सिग्नल नीट जाऊ देत नाहीत. अशा वेळी टीव्ही सुरेख दिसतो आणि नेट मरतं.

वायरचा प्रत्येक कनेक्टर हाताने फिरवून पाहा. तो गरागरा फिरत असेल तर हळूच घट्ट करा. आतली तांब्याची तार काळी-हिरवी पडली असेल, तर तो बदलूनच घ्यावा लागेल. घरातलं काम एवढंच. गच्चीवरच्या पेटीला किंवा खांबाला हात लावू नका, ते कंपनीचं काम आहे.

केबलची वायर इमारतीत सामाईक असते. एखाद्या घरातला ढिला कनेक्टर बाहेरचा विद्युत गोंगाट आत ओढतो आणि तो गोंगाट त्याच लाइनवरच्या सगळ्यांच्या अपस्ट्रीममध्ये मिसळतो. म्हणून शेजाऱ्यांना विचारा. चार घरांत एकाच वेळी नेट जात असेल, तर चौघांनी मिळून तक्रार करा. मग ‘‘तुमचाच राउटर खराब आहे’’ असं सांगता येत नाही.

फायबर असेल तर

फायबरच्या बॉक्सवर ‘लॉस’ नावाचा दिवा असतो. तो लाल लागला तर प्रकाशच पोहोचत नाहीय, त्यामुळे राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. दिवा शांत असूनही नेट तुटत असेल, तर सेटिंग पानावर आरएक्स पॉवर बघा. हे आकडे डीबीएममध्ये आणि उणे असतात. उणे १५ ते उणे २४ म्हणजे प्रकृती ठीक. उणे २७ च्या आसपास बहुतेक घरगुती बॉक्सची सहनशक्ती संपते. इथे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर, हे लक्षात ठेवा. उणे २६ हा उणे २० पेक्षा वाईट.

फायबरला वळण सोसत नाही. दाराच्या फटीत चेपलेली, खिळ्याला घट्ट बांधलेली किंवा कपाटामागे दुमडलेली वायर प्रकाश बाहेर सांडते. वळणाची गोलाई निदान चहाच्या कपाच्या तोंडाएवढी राहू द्या. कनेक्टर काढून त्याच्या टोकाला बोट लावू नका आणि आत डोकावू तर मुळीच नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण अपाय करू शकतो. मुलांनाही हे सांगून ठेवा.

वेळेचं गणित

नेट कधी जातं, यावरूनही बरंच कळतं. पाऊस पडल्यावर किंवा पडून गेल्यावर जात असेल, तर बाहेरच्या जोडात पाणी शिरतंय. भर दुपारी उन्हात जात असेल, तर गरम होणारी पेटी किंवा राउटर संशयित आहे. रोज रात्री ८ ते ११ मध्ये फक्त संथ होत असेल आणि सिग्नलचे आकडे उत्तम असतील, तर लाइन ठीक आहे. कंपनीने एकाच मार्गावर जास्त घरं जोडली आहेत. त्याला टेक्निशियन काही करू शकत नाही, तक्रार वरच्या पातळीवर न्यावी लागते.

तक्रार अशी लिहा

आठवडाभर एका वहीत नोंद ठेवा. तारीख, वेळ, किती मिनिटं गेलं, कोणता दिवा कसा होता, केबल लावलेला लॅपटॉप चालत होता का आणि तेव्हाचे आकडे. मोडेमच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. मग लिहा :

‘‘गेल्या ७ दिवसांत ११ वेळा नेट गेलं. लॅन केबलवरही जातं, म्हणून दोष वायफायचा नाही. अपस्ट्रीम पॉवर ५३, एसएनआर २९. पाऊस पडल्यावर त्रास वाढतो. सोबत स्क्रीनशॉट आहेत. कृपया बाहेरची लाइन आणि कनेक्टर तपासा.’’

‘नेट चालत नाही’ या तक्रारीवर फोनवरून उत्तर देता येतं. अशा तक्रारीवर शिडी घेऊनच यावं लागतं. कोणत्याही राज्यात राहत असलात, तिथली भाषा अडखळत येत असली, तरी आकडे सगळ्यांना सारखेच कळतात.

ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक मिळायला हवा. तो मागूनच फोन ठेवा. ‘तक्रार सोडवली’ असा मेसेज आला आणि त्रास तसाच असेल, तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्यासाठी शुल्क नसतं. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे सुरुवात कंपनीकडूनच करावी लागते आणि तिथे तुमची वही कामाला येते. नेट बंद राहिलेल्या दिवसांची बिलात सूट मागायलाही संकोच करू नका.

दुरुस्ती झाली की टेक्निशियन निघण्याआधी आकडे पुन्हा बघा आणि फोटो काढून ठेवा. अपस्ट्रीम ५३ वरून ४४ वर आला असेल, तर काम खरंच झालंय. आकडे तसेच असतील, तर फक्त राउटर बंद-चालू झालाय. नेट चांगलं चालत असेल त्या दिवसाचा असा एक फोटो प्रत्येक घरात असावा. पुढच्या वेळी बिघाड झाला की काय बदललं, हे त्याच्याशी ताडून लगेच सांगता येतं.