जुलाबाची गोळी घेण्याआधी

ऐन रोवणीत जुलाब लागले की मजुरी बुडू नये म्हणून कुरखेड्यातला माणूस मेडिकलमधून ‘थांबवायची गोळी’ मागतो. ती बहुधा लोपेरामाइडची असते. ती आतड्याची हालचाल मंदावते. जंतू मारत नाही, गेलेले पाणी भरून काढत नाही. आणि जीव जातो तो पाणी-क्षार गेल्यानेच.

साधे पाण्यासारखे जुलाब असतील तर धडधाकट मोठ्या माणसाने आधी 2 मिग्रॅच्या दोन गोळ्या, मग प्रत्येक जुलाबामागे एक घ्यावी. डॉक्टरांना न विचारता दिवसात चारच्या वर नकोत. अतिडोसाने हृदयाचे ठोके बिघडतात. शौचात रक्त, ताप किंवा पोट फुगलेले असेल तर एकही नको. 12 वर्षांखालच्या मुलांना तर अर्धी करूनही नाही.

मुलांचे खरे औषध आशाताईंकडे मोफत मिळते: ओआरएस आणि झिंक. लिटरची अख्खी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यातच घाला. पेलाभर पाण्यात ओतली तर मीठ जास्त होऊन बाळाला अपाय होतो. 24 तासांनी उरलेले फेका. जुलाब थांबले तरी झिंक 14 दिवस द्या: 2 ते 6 महिन्यांच्या बाळाला रोज 10 मिग्रॅ, पुढे 5 वर्षांपर्यंत 20. अंगावरचे दूध चालू ठेवा; मोठ्या मुलांना मीठ घातलेली तांदळाची पेजही द्या.

बाळ निपचित पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली तर 108 ला फोन करून लगेच उपजिल्हा रुग्णालय गाठा. गिळत असेल तर वाटेतही चमच्याने ओआरएस पाजत राहा.