पाळीव कुत्र्याचा खाऊ

‘माझा आवडता प्राणी’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला म्हणजे निम्म्या वह्यांत कुत्रा येतो, आणि कुत्र्याबरोबर बहुधा बिस्किटही येतें. ‘तो माझ्याबरोबर चहाच्या वेळीं चार बिस्किटें खातो,’ असें मुलें मोठ्या कौतुकानें लिहितात. अशीं वाक्यें तपासतांना आमची लेखणी पूर्वीं कधीं थबकली नव्हती. आतां थबकते, त्याचें कारण आमच्या घरचा मोत्या होय.

मोत्या सात वर्षांचा झाला तेव्हां ओसरीच्या तीन पायऱ्या चढतांना त्यास धाप लागूं लागली. वय झालें, असें आम्हीं म्हटलें. पशुवैद्यांनीं त्याच्या कुशीवर हात ठेविला, मग आमचाच हात धरून तेथें ठेविला व विचारिलें, “बरगड्या लागतात काय?” बरगड्या लागत नव्हत्या. 11 किलोंचा कुत्रा 16 किलोंवर गेला होता, आणि रोज त्यास पाहणाऱ्या आमच्या तें ध्यानांतही आलें नव्हतें!

घरीं येऊन आम्हीं हिशेब मांडिला. घरांत राहणाऱ्या, बेताचें हिंडणाऱ्या एवढ्या कुत्र्यास दिवसाकाठीं सुमारे 600 उष्मांक पुरतात. खाऊचा वांटा त्याच्या दशांशाहून अधिक नसावा, असा पशुवैद्यांचा दंडक आहे. म्हणजे 60 उष्मांक. साध्या ग्लुकोज बिस्किटांत 20 ते 25 उष्मांक असतात. तेव्हां तिसऱ्या बिस्किटाबरोबर दिवसाचा खाऊ संपला. आमच्याकडे तो तेथें केवळ सुरू होत असे. धाकटा मुलगा बिस्किटें देई, मातोश्री तूप लावलेली अर्धी पोळी देत, आणि रात्रीं आम्ही स्वतः कोंबडीची कातडी मेजाखालीं सरकवीत असूं. कोणासही दुसऱ्याचा घास दिसत नसे. मोत्यास सर्वांचे दिसत. शुभवर्तमानांतील कनानी स्त्री धन्यांच्या मेजावरून पडणाऱ्या चुऱ्याविषयीं बोलली. ती चुऱ्याविषयीं बोलली, पंगतीविषयीं नव्हे. (नाताळचा केक तर चुराभरही देऊं नये. मनुका व चॉकोलेट हीं कुत्र्यास विषासमान आहेत.)

लठ्ठपणाचा भार प्रथम सांध्यांवर पडतो. शिवाय कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं. धापा टाकूनच तो अंगांतील उष्णता बाहेर घालवितो. चरबीमुळें तें कठीण होतें, आणि मग आमच्याकडील वैशाख त्याच्या जिवावर बेतूं शकतो. अमेरिकेंत 48 लॅब्राडॉर कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग 2002 मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्यांस जन्मभर चतुर्थांश अन्न कमी दिलें होतें. त्यांचें मध्यम आयुर्मान 13 वर्षें भरलें. इतरांचें 11 वर्षांहून थोडेंसेंच अधिक.

‘पण तो किती केविलवाणें पाहतो!’ असें पालक म्हणतील. कुत्रा मागतो म्हणजे तो भुकेला असतोच असें नाहीं. लॅब्राडॉरांपैकीं सुमारे चतुर्थांश कुत्र्यांत भूक वाढविणारा एक आनुवंशिक दोष असतो, असें 2016 मध्यें केंब्रिजच्या संशोधकांनीं दाखविलें. इतरांस पुष्कळदां आपलें लक्षच हवें असतें.

आम्हीं एक लहान डबा ठरविला. मोत्याच्या रोजच्या मापांतील मूठभर अन्न सकाळीं त्यांत काढावयाचें, व ज्यास कांहीं देण्याची इच्छा होईल त्यानें त्यांतूनच द्यावयाचें. डबा रिकामा झाला कीं मग मानेवर हात फिरवावा. उपास घडवूं नये. आठवड्यास वजनाच्या शंभरांत एक-दोन भाग घट झाली तरी पुष्कळ झालें. कुत्रा कांट्यावर उभा राहत नसेल तर त्यास उचलून आपण उभें राहावें, आणि मग आपलें वजन वजा करावें. हें काम मुलें हौसेनें करतात, व वजाबाकीही सुधारते.

आठ महिन्यांनीं मोत्या 12 किलोंवर आला. पायऱ्या आतां तो चढतो. मागचा उजवा पाय मात्र लंगडतो, व तो तसाच राहील असें पशुवैद्य म्हणतात. डबा अजून फडताळांत आहे. रात्रीं तो रिकामा दाखविला कीं मोत्या आंत तोंड घालून वास घेतो, आणि मग आमच्या पायांशीं येऊन पडतो.