टाकी, दलदल आणि आगीचा नळ

1964 साली ओझरला मिग विमानांचा कारखाना निघाला आणि आपल्या नाशिकरोडच्या घराघरांत विमानाची भाषा शिरली. त्याआधी, 17 जून 1961 रोजी, बंगळूरला ‘मारुत’ हे लढाऊ विमान प्रथम उडाले होते. त्याचा आराखडा कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याचा. गंमत अशी की, या गृहस्थांचे आडनाव आणि इंधनाच्या टाकीचे जर्मन नाव एकच! जर्मनांनी तो शब्द इंग्रजीतून उचलला. आणि इंग्रजांनी तो आपल्या गुजराती-मराठी टांक्यावरून घेतला असावा, असे पुष्कळ कोशकार मानतात. म्हणजे टाकी मूळची घरचीच म्हणायची.

बाकीचे शब्द मात्र अस्सल जर्मन. इंधन बंद करण्याची कळ ती ‘ब्रांटहान’, शब्दशः आगीचा नळ. आगीवर पाणी सोडणारा नव्हे हो. आग लागताच इंजिनाचे इंधन तोडणारा! नुसता कोश उघडून भाषांतर करणारा इथे हमखास फसतो.

टाकीच्या तळाला म्हणतात ‘झुम्प्फ’, म्हणजे दलदल. अर्धवट भरलेली टाकी थंडीच्या रात्री उघड्यावर राहिली की आतल्या दमट हवेतील बाष्पाचे पाणी होते आणि ते पेट्रोलहून जड असल्याने तळाशी साचते. तेच इंजिनात गेले तर इंजिन ऐन उड्डाणात बंद पडावयाचे. म्हणून लहान विमानाचा वैमानिक निघण्यापूर्वी तळाच्या तोटीतून थोडे इंधन काचेसारख्या पेल्यात काढून उजेडात धरतो. खाली पाण्याचा थेंब वेगळा दिसतो. पण सबंध पेलाच पाण्याचा असला तर? मग वेगळे काहीच दिसत नाही! म्हणून रंगही पाहावा लागतो. अशा विमानांच्या नेहमीच्या पेट्रोलला मुद्दाम निळा रंग दिलेला असतो.

मला सर्वांत आवडतो तो ‘आउसफ्लीगबार’, म्हणजे उडून संपविता येण्याजोगे. टाकीतले शेवटचे थोडे इंधन इंजिनापर्यंत पोहोचत नाही. ते हिशेबात धरायचे नाही, हे या एका शब्दात आले.

हिशेबातला शब्द चुकला तर काय होते? 23 जुलै 1983 रोजी कॅनडात एका मोठ्या प्रवासी विमानाचे इंधनमापक बंद होते, म्हणून टाक्या हातांनी मोजल्या. मोजणी बरोबर, पण वजन काढताना किलोच्या जागी पौंडाचा आकडा धरला गेला, आणि निम्म्याहून कमी इंधनावर विमान निघाले. वाटेत दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते घारीसारखे तरंगत आणून गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरविले. आतले 69 जण वाचले.